छोट्या संस्थेने बाहेरच्या माणसाकडून मूल्यमापन करून घ्यावं का? नाशिकच्या एका टीमचा आमचा अनुभव

नाशिकमधल्या ज्या छोट्या संस्थांना फंडरकडून, म्हणजे पैसे देणाऱ्यांकडून, 'इम्पॅक्ट असेसमेंट करून घ्या', कामाचा परिणाम तपासून घ्या, असा मेल येतो आणि मग बोलवायचं कुणाला, पैसे किती द्यायचे, ही माणसं नक्की करतात तरी काय असे प्रश्न पडतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं काम पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडच्या पाड्यांवर आहे, तिसरी ते पाचवीच्या मुलांचे संध्याकाळचे वाचनवर्ग, ते घेतात त्याच गावातली बारावी झालेली मुलंमुली, त्यांना आम्ही शिक्षणमित्र म्हणतो. पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून येतात. मूल्यमापन केलं ते दोघांच्या टीमने, एक मॅडम आणि त्यांच्यासोबत आकडेवारी बघणारे एक सर, कॉलेज रोडला छोटंसं ऑफिस आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच तशी विनंती केलीय, पण काम कसं करतात ते सविस्तर लिहिते कारण त्यावरून तुम्ही दुसऱ्या कुणालाही पारखू शकाल.

आधीच सांगून टाकते, पैसे वसूल. आणि सगळ्यात जास्त वसूल झाले ते पहिल्या मीटिंगला.

आम्ही टीओआर, म्हणजे मूल्यमापनात काय काय बघायचं त्याचा कागद, पाठवला होता, फंडरच्या साच्यातला, त्यात सहा निकष आणि प्रत्येकाखाली चार चार प्रश्न. मॅडम आल्या, टीओआर बाजूला ठेवला आणि विचारलं, "हा रिपोर्ट वाचून कोण, काय, कधी ठरवणार आहे?" आम्ही म्हटलं फंडर पुढच्या वर्षीचं ठरवेल. "आणि तुम्ही?" आम्ही जरा गप्प झालो. मग एकेक करून बाहेर आलं, शिक्षणमित्रांचं मानधन वाढवायचं की वर्ग वाढवायचे हा आमचा खरा प्रश्न होता, आणि तो टीओआरमध्ये कुठेच नव्हता. त्या म्हणाल्या, काम सुधारण्यासाठी बघायचंय की चालू ठेवायचं की नाही हे ठरवण्यासाठी बघायचंय, ते आधी सांगा, दोन्हीची पद्धत वेगळी, वेळ वेगळी, अगदी प्रश्नही वेगळे. हा फरक मायकल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये मांडला, फॉर्मेटिव्ह आणि समेटिव्ह म्हणून, आणि तेव्हापासून या धंद्यातला माणूस पहिल्या भेटीत हेच विचारतो. तुमच्याकडे आलेला माणूस हे न विचारता थेट सॅम्पल साईझवर, किती घरं आणि किती मुलं घ्यायची यावर, बोलायला लागला तर मी तरी सावध राहीन.

दुसरी गोष्ट त्यांनी त्याच मीटिंगला सांगितली ती ऐकून आमचे ट्रस्टी खुर्चीत सरसावून बसले. कायद्याने हे असेसमेंट आमच्या प्रोजेक्टला लागतच नाही! जानेवारी 2021 च्या सीएसआर नियमांप्रमाणे ज्या कंपनीचं मागच्या तीन आर्थिक वर्षांचं सरासरी सीएसआर दायित्व 10 कोटी किंवा जास्त आहे तिलाच ते बंधनकारक आहे, तेही 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रोजेक्टसाठी आणि प्रोजेक्ट संपून किमान एक वर्ष झाल्यावर. आमचा प्रोजेक्ट त्याच्या आसपासही नाही. म्हणजे समोर आलेलं काम जाऊ शकतं हे माहीत असून त्यांनी हे सांगितलं. मग म्हणाल्या, फंडरला नियमासाठी नको असेल, शिकण्यासाठी हवं असेल तर करूया, पण मग नाव इम्पॅक्ट ठेवू नका, कारण जे मोजता येणार नाही त्याचं नाव कव्हरवर टाकलं की आतलं सगळं त्या नावाला शोभेल असं लिहायचा मोह होतो.

सहा निकषांचंही तसंच. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास समितीने 1991 मध्ये मूल्यमापनासाठी पाच दिले होते, 2019 मध्ये सुसंगततेचा सहावा घातला आणि तेव्हाच हेही लिहिलं की हे यांत्रिकपणे लावू नका, विचार करून लावा. फंडरच्या साच्यात निकष आले, ती सूचना मात्र कुठेतरी गळली. मॅडमनी फंडरसोबत कॉल केला आणि सहाचे दोन केले: मुलांच्या वाचनात फरक पडतोय का आणि कुणाच्या पडत नाही. फंडरकडच्या मॅनेजर बाई आधी नाराज होत्या पण अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या की बाकीचे रिपोर्ट मी पूर्ण वाचतही नाही.

यांच्याआधी एका मोठ्या एजन्सीचा अनुभव आम्ही घेतलाय म्हणून हा फरक मला जास्त जाणवतो. ती माणसं बाहेरून आली, गाड्या घेऊन, टॅबवर फॉर्म, शाळेतच पालकांना बोलावून घेतलं, आणि हेडमास्तरांच्या समोर प्रत्येक आईला विचारलं, "वर्गाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, अतिशय समाधानी, समाधानी, ठीक..." पाच पर्याय. आता पाहुणा दारात आलाय, मास्तर बाजूला बसलेत, आणि तिच्या पोराला फुकट शिकवणाऱ्यांबद्दल ती काय सांगणार? जवळजवळ सगळ्याच अतिशय समाधानी. रिपोर्ट गुळगुळीत कागदावर, हसऱ्या मुलांचे फोटो, निळे हिरवे पाय चार्ट, आणि शेवटी शिफारस काय तर 'प्रकल्पाचा विस्तार करावा'. तो रिपोर्ट आमच्या कपाटात आहे, त्यावरून आम्ही एकही निर्णय घेऊ शकलो नाही. मला त्या एजन्सीची चीड आली ती पैशासाठी नाही आली, त्या बायांचा अर्धा दिवसाचा रोज बुडाला आणि त्यांना विचारलं काय तर हे, म्हणून आली.

या मॅडमनी तोच प्रश्न कसा विचारला ते सांगते. घरी गेल्या, ओट्यावर बसल्या, मावशी नागली निवडत होत्या, सोबत गावातलीच एक मुलगी होती कोकणा बोली बोलणारी, कारण तिथल्या बायांना आपलं नाशिकचं मराठी कळतं पण मनातलं त्या त्या भाषेत बोलत नाहीत. आणि विचारलं, "मावशी, हा वर्ग उद्यापासून बंद झाला तर तुमच्या घरात काय बदलेल?" एक जण म्हणाली काहीच नाही, पोरगं बकऱ्यांमागे जाईल. एक म्हणाली संध्याकाळी कुठे असतो ते कळणार नाही. आणि एकीने सांगितलं की रेशन दुकानात मशीनमधून पावती निघते ना, ती आता पोरगी वाचते, किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती आहे ते तिथेच बोलते, म्हणून दुकानात तिलाच नेते. आमच्या लॉगफ्रेममध्ये, म्हणजे उद्दिष्टं आणि ती कशी मोजायची ते मांडलेल्या तक्त्यात, रेशनच्या पावतीचा र सुद्धा नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि संध्याकाळी बैठकीत आम्ही आनंदाने उड्या मारायला लागलो तेव्हा शांतपणे म्हणाल्या, हे एक घर आहे, यावरून वर्गामुळे रेशन नीट मिळतं असं लिहिता येणार नाही, पण पुढच्या घरांमध्ये काय विचारायचं ते यातून कळलं. पुढच्या घरांत विचारलं. काही ठिकाणी तसंच निघालं, बऱ्याच ठिकाणी नाही निघालं, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही आलं.

फील्डला जाण्याआधी एक पूर्ण दिवस आमच्या शिक्षणमित्रांसोबत बसल्या होत्या. भिंतीवर खाकी कागद, डावीकडे 'वर्ग भरतो' आणि उजवीकडे 'मूल न अडखळता वाचतं', आणि मधल्या प्रत्येक बाणावर एकच प्रश्न, "आणि मग काय होतं? आणि ते होण्यासाठी काय खरं असावं लागतं?" थिअरी ऑफ चेंज म्हणतात त्याला, आम्हीही प्रपोजलमध्ये दरवर्षी त्याची छान आकृती टाकतो, पण ती ऑफिसात बसून काढलेली. इथे हरसूलकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, मॅडम, या बाणाला मूल वर्षभर गावात असावं लागतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण कागदावर पहिल्यांदा आली. तिकडे भात आणि नागली निघाली की दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामावर जातात, पोरं सोबत जातात, पार होळीपर्यंत. पुढे जे काही निघालं ते या एका वाक्यातून निघालं.

आता वाचनाची चाचणी. ती त्यांनी असरच्या पद्धतीने घेतली, म्हणजे 2005 पासून प्रथम या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने स्वयंसेवक देशभरच्या खेड्यांत घरोघरी जाऊन घेतात तशी, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरी घेतात, शाळेत नाही, कारण शाळेत घेतली तर त्या दिवशी न आलेलं मूल यादीतून आपोआप गळतं आणि नेमकं तेच मूल मागे असतं. मी एकदा मुद्दाम शेजारी बसून बघितलं. चौथीतली मुलगी, आधी तिचं नाव, बकरीचं नाव, घरी कोण कोण, मग कागद तिच्या हातात दिला, स्वतःच्या हातात धरला नाही. ती अडखळली की सर थांबायचे, ओठ हलवायचे नाहीत, मान डोलवायचे नाहीत. आमचा शिक्षणमित्र मागे उभा होता आणि त्याच्या तोंडून शब्द निसटणार होता इतक्यात मॅडमनी त्याला पाणी आणायला पाठवलं! त्याचा अपमान न करता त्याला तिथून हलवलं. नंतर त्याला समजावून सांगितलं की तू मदत केलीस तर तिच्या नावापुढे तुझं वाचन लिहिलं जाईल.

तुलनेसाठी जिथे आमचे वर्ग नाहीत अशा शेजारच्या पाड्यांवरही चाचणी घेतली आणि यावरून आमच्यात बरीच चर्चा झाली, कारण ट्रस्टींना वाटत होतं दुसऱ्यांच्या गावात जाऊन पैसे कशाला घालवायचे. सरांनी बोर्डवर उदाहरणाचे आकडे लिहिले. समजा आपल्या वर्गातल्या 100 मुलांपैकी जूनमध्ये 30 परिच्छेद वाचत होती आणि मार्चमध्ये 60. तुम्ही म्हणणार 30 मुलं आपल्यामुळे. आता शेजारच्या पाड्यावर वर्ग नाही आणि तिथेही 100 पैकी 30 ची 48 झाली. म्हणजे 18 तर तशीही झाली असती, मूल मोठं होतं, शाळेत जातं, 2021 पासून लहान मुलांच्या वाचन-गणिताचं निपुण भारत हे सरकारी अभियान चालू आहे त्यात गुरुजीही वाचनावर मेहनत घेतायत. तुमच्या नावावर उरली 12, आणि तीसुद्धा दोन्ही पाडे बाकी सगळ्या बाबतीत सारखे असतील तरच. ओझरला एचएएलमधून निवृत्त झालेले आमचे एक ट्रस्टी आहेत, त्यांना हे लगेच पटलं आणि मग त्यांनीच विचारलं, अहो मग चिठ्ठ्या टाकून पाडे का नाही निवडले? मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला टाकल्या असत्या तर उत्तमच झालं असतं, मेक्सिकोने 1997 मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना आणली तेव्हा 506 गावं घेऊन त्यातल्या 320 गावांत आधी आणि 186 मध्ये नंतर अशी सुरुवात केली होती आणि गावं चिठ्ठीसारखीच निवडली होती, पण आपले वर्ग आधीच सुरू झालेत आणि पाडे इतके थोडे आहेत की चिठ्ठ्या टाकूनही योगायोग आणि परिणाम वेगळे करता येणार नाहीत. त्यामुळे आपण 'वर्गामुळे झालं' असं म्हणणार नाही, 'वर्गाचा यात वाटा आहे असं मानायला ही ही कारणं आहेत' असं म्हणणार. मला हे फार आवडलं. जास्त अक्षरं लागतात पण खरं आहे.

ज्या पाड्यांवर तुलनेसाठी गेले तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना त्यांनी वर्गाचं एकत्रित चित्र नंतर कळवलं, मुलांची नावं न सांगता. कुणाचा वेळ घेतला तर काहीतरी परत द्यायचं, हे त्यांच्या करारातच लिहिलेलं आहे.

आणि मग ती गोष्ट जिच्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. मार्चआधीची शेवटची चाचणी गावात घ्यायचं ठरलं होतं. सरांनी यादी काढून बघितली तर पहिल्या चाचणीतली बरीच मुलं गावात नव्हती, द्राक्षावर गेलेली. सोपा मार्ग होता, जी सापडतील त्यांची चाचणी घ्यायची, गैरहजर अशी नोंद करायची, आणि मजा म्हणजे तसं केलं असतं तर आमचा निकाल जास्त चांगला आला असता कारण राहिलेली मुलं म्हणजे ज्यांचे वर्ग बुडले नाहीत ती. मॅडमनी फोन केला, म्हणाल्या आम्हाला निफाडकडे जावं लागेल, खर्च थोडा वाढेल, पण गेलो नाही तर आकडा खोटा येईल. कुणी खोटं न बोलता खोटा. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

गेले दोघं. बागांमध्ये मुकादमांना शोधत, कुठल्या पाड्याची माणसं कुठल्या बागेत उतरलीत ते विचारत. मीही एका ठिकाणी सोबत होते. शेडच्या मागे रिकाम्या क्रेटवर मूल बसलेलं, बाजूला आईचा लहान बाळाचा झोका द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलला बांधलेला, आणि हे मूल जे ऑक्टोबरमध्ये परिच्छेद वाचत होतं ते आता शब्दावर थांबत होतं. सर्वांची नाही पण अशी बरीच मुलं निघाली. मुकादमाला आधी वाटलं कामगार खात्याची माणसं आलीत, त्याला चहा पीत पीत सगळं समजावून सांगितल्यावर त्यानेच पुढच्या बागेचा पत्ता दिला.

सगळी मुलं एकत्र धरून सरासरी काढली तर प्रगती दिसत होती. सरांनी दोन गट केले, वर्षभर गावात राहिलेली आणि दिवाळीनंतर गेलेली. पहिल्या गटात तुलनेच्या पाड्यांपेक्षा फरक स्पष्ट, दुसऱ्या गटात फरक जवळजवळ नाहीच.

हे आम्हाला कसं सांगितलं ते महत्त्वाचं. रिपोर्टमधून कळलं असतं तर आम्ही शंभर टक्के भांडलो असतो. आधी मला फोन, "लिहिण्याआधी सांगते, तुम्हाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून." मग शिक्षणमित्रांची बैठक, तिथे तक्ते लावले पण आकड्यांवर कागद चिकटवलेला. प्रत्येकाने आधी अंदाज लिहायचा की आपल्या पाड्यावर काय निघालं असेल. मग कागद काढायचा. ज्याचा अंदाज बरोबर तो सांगायचा का बरोबर आला, ज्याचा चुकला तो सांगायचा आश्चर्य कशाचं वाटलं. त्या मुलांनी जी चर्चा केली ती मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती, कुणी कुणाला दोष दिला नाही, सगळे तक्त्याशी भांडत होते. उंबरठाणकडची एक शिक्षणमित्र म्हणाली, मॅडम, गेलेली पोरं परत आल्यावर मी त्यांना मागच्या बाकावर बसवते कारण पुढच्यांचं बुडतं. हे कुठल्याच फॉर्ममध्ये आलं नसतं.

शेवटचं वाक्य रिपोर्टमध्ये असं आहे: वर्ग उपयोगी आहे, पण ज्या मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत तो अर्धंच वर्ष पोचतो. एवढंच. 'मिश्र परिणाम दिसून आले' असलं गोल गोल नाही. आणि प्रत्येक निष्कर्षापुढे लिहिलंय की हे खात्रीने सांगता येतं, की बऱ्यापैकी, की नुसती शंका आहे, आणि का. मानधनाच्या प्रश्नावर सरळ लिहिलंय की आमच्याकडच्या माहितीवरून उत्तर देता येत नाही. तक्त्यांची शीर्षकं पूर्ण वाक्यात आहेत, 'स्थलांतरित मुलांचं वाचन दिवाळीनंतर थांबतं' अशी, नाहीतर आपण 'तक्ता 4.2 वाचनस्तर स्थलांतरनिहाय' वाचतो आणि पान उलटतो.

रिपोर्ट तीन रूपांत मिळाला. एक पान, तीन पानं, पंचवीस पानं. ही पद्धत कॅनडातल्या आरोग्य संशोधनवाल्यांनी रूढ केलेली आहे, एका पानावर मुख्य मुद्दे, तीन पानांवर सार, बाकी पंचवीसमध्ये. आमचं एक पान मराठीत होतं, मोठ्या अक्षरात, आणि ते पाड्यांवर वाचून दाखवलं, ज्या घरांत बसून माहिती घेतली त्या घरांच्या लोकांसमोर. मुलांचे फोटो नाहीत, गावांची नावं बदललेली, कारण छोट्या पाड्यात 'चौथीतली एक मुलगी' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते.

फंडरचा किस्साही सांगायलाच हवा. ड्राफ्ट गेल्यावर तिकडून निरोप आला की पहिल्या पानावर 'प्रकल्पामुळे वाचन दुप्पट' असं काहीतरी टाका, वरच्यांना दाखवायचंय. दबाव आमच्यावरही होता, खरं सांगायचं तर पुढच्या वर्षाचे पैसे त्यावर होते. मॅडमनी करार काढला, त्यात आधीच कलम होतं की तथ्याची चूक दाखवली तर दुरुस्त करू, निष्कर्ष बदलणार नाही, पण संस्थेचं किंवा फंडरचं म्हणणं वेगळं असेल तर ते त्यांच्याच शब्दांत रिपोर्टच्या शेवटी छापू. आणि आवाज न चढवता म्हणाल्या, तुमच्या वरच्यांना सांगायला याहून चांगली गोष्ट तुमच्याकडे आहे, तुम्ही पैसे देता त्या संस्थेला आता नक्की माहितीय की पुढचा रुपया कुठे टाकायचा. फंडरने ते मान्य केलं, शेवटी आपलं अर्धं पान म्हणणं दिलं, तेही चांगलंच होतं.

बरं, ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही. सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला त्याच 1952 साली नियोजन आयोगाने प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन ऑर्गनायझेशन काढली होती, म्हणजे स्वतंत्र भारताने मोठा ग्रामविकासाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हाच तो तपासणारी यंत्रणाही उभी केली. 2015 मध्ये ती नीती आयोगाच्या डीएमईओ या मूल्यमापन कार्यालयात गेली. अमेरिकेतली मूल्यमापकांची संघटना 1986 ची आहे! आमच्या ट्रस्टींना हे कळल्यावर फार बरं वाटलं.

आता तक्रारी. वेळ लागला, ठरल्यापेक्षा चांगलाच जास्त, निफाडची फेरी धरली तरी जास्त. पंचवीस पानी रिपोर्ट इंग्रजीत आहे आणि जड आहे, शिक्षणमित्रांच्या कामाचा नाही, पद्धतीचं प्रकरण तरी मराठीत द्यायला हवं होतं. आमच्या स्टाफचा वेळ खूप जातो, प्रत्येक आठवड्याला काहीतरी यादी, हजेरीपट, जुने फॉर्म मागतात, एखादा माणूस अर्धवेळ त्यालाच लागतो हे आधी सांगायला हवं होतं. कच्च्या डेटाची एक्सेल फाईल दिली पण रकान्यांची नावं सांकेतिक, ती समजावून घ्यायला सरांना दोनदा फोन करावा लागला. आणि व्हिडिओ, सुंदर फोटो, समारंभात वाटायला पुस्तिका हवी असेल तर ही माणसं तुमच्यासाठी नाहीत.

फीबद्दल: या क्षेत्रात प्रोजेक्टच्या बजेटच्या 5 ते 10 टक्के असा ढोबळ हिशोब सांगतात, आमची त्याच्या आत बसली, प्रवास खर्च वेगळा, बिलं दाखवून. कंपनीला हा खर्च सीएसआरमध्ये धरायचा असेल तर सप्टेंबर 2022 च्या दुरुस्तीनंतर मर्यादा त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या 2 टक्के किंवा 50 लाख, जे जास्त असेल ते, अशी आहे, पण हे नियमाने बंधनकारक असलेल्या असेसमेंटपुरतं, आमच्यासारख्यांनी प्रपोजल लिहितानाच मूल्यमापनाची वेगळी ओळ टाकलेली बरी. नंतर मागितलं तर शिक्षणमित्रांच्या मानधनातून कापलं जातं.

कुणाला बोलवायचं ठरवताना त्यांचा जुना रिपोर्ट मागा आणि त्या संस्थेला फोन करून विचारा की वाचल्यावर तुम्ही काय बदललं. जर ते म्हणाले 'छान रिपोर्ट होता' आणि पुढे काही सांगता आलं नाही तर समजून जा. दुसरं, आम्हाला न आवडणारं काही निघालं तर कसं आणि कधी सांगाल हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि जून ते सप्टेंबर पेठ सुरगाण्याकडे फील्ड ठेवूच नका, सावळघाटातून पावसात वेळेवर पोचणं होत नाही आणि आवणीच्या दिवसांत घरी कुणी भेटत नाही, जो तुम्हाला जुलैमध्ये सर्व्हे करून देतो म्हणेल त्याने तिकडचा पावसाळा बघितलेला नाही.

आम्ही काय बदललं: वर्ग वाढवले नाहीत. दिवाळीनंतर तीन शिक्षणमित्र आता बागांकडेच जातात, निफाड आणि दिंडोरीत जिथे आपल्या पाड्यांची कुटुंबं उतरतात तिथे रात्री जेवणानंतर वर्ग घेतात, दोन बागाईतदारांनी शेड आणि लाईट दिलाय. गावात राहणाऱ्या शिक्षणमित्रांनी परत आलेल्या मुलांसाठी होळीनंतर वेगळा तास सुरू केलाय. याचा फरक पडतोय की नाही ते अजून बघायचंय, त्यासाठी कुठल्या फंडरने सांगितलेलं नाही, या वेळी टीओआर आम्हीच लिहिलाय, एका पानाचा, दोन प्रश्नांचा, आणि मॅडमनी त्यातला एक खोडून परत पाठवलाय.